टेकडीच्या पलीकडे सायकल

घाडीमामा बसलेले कसे दिसतात, हे मला पहिली सहा वर्षं माहीतच नव्हतं. आमच्या पाणीखात्याच्या चौकीत चार खुर्च्या, एक बाकडं आणि एक मोडकं स्टूल. पण हा माणूस चहा उभ्याने पिणार, डबा उभ्याने खाणार आणि मस्टरवर सही करतानासुद्धा एक पाय दाराबाहेर ठेवणार. "अहो मामा, बसा की जरा," म्हटलं की उत्तर ठरलेलं, "बसलंय तर गंज धरतलो गो." आणि परत दारातून खिडकीशी, खिडकीतून दाराशी. मी तिथली क्लार्क, दिवसभर खुर्चीला चिकटलेली बाई. समोर कोणी असं सतत हलत असलं की माझं टायपिंग चुकतं, मग मी चिडते. चिडणं हा तसा माझा जोडधंदाच आहे.

मामा चावीवाले. आमच्याकडे पाणी आपोआप येत नाही, कोणीतरी सोडावं लागतं. रस्त्याखाली व्हॉल्व्ह असतात. पहाटे झाकण उचलायचं, आत पाच फुटी लोखंडी चावी घालायची आणि मोजून आटे फिरवायचे. मामांचा राउंड घाटकोपरच्या भटवाडीचा. एक व्हॉल्व्ह टेकडीच्या पायथ्याशी, दोन डोक्यावर, एक पलीकडे असल्फ्याच्या बाजूला उतरल्यावर, आणि शेवटचा तिथून पुढे बराच लांब. टेकडीवर नुसत्या पायऱ्या आणि घरांमधल्या बोळकांड्या, स्कूटरसुद्धा जात नाही. म्हणून मामा सायकलने पायथ्याला यायचे, चावी खांद्यावर टाकून पळत वर, पळत पलीकडे खाली. तिथलं पाणी सोडलं की तीच टेकडी पुन्हा ओलांडून सायकलपाशी, आणि रस्त्याने वळसा घालून शेवटच्या व्हॉल्व्हला. सगळं सव्वा तासात. तीस वर्षं रोज.

त्यामुळे अंगावर मांस म्हणून नव्हतंच. काळे, उंच, काटक, पोटऱ्या लाकडी. वय अठ्ठावन्नला आलं होतं, निवृत्तीला दोन वर्षं होती. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी लग्न होऊन देवगडला. एकटेच राहायचे. दोन वर्षांनी काय करणार, असं कोणी विचारलं की चेहरा असा व्हायचा की विचारणाराच ओशाळायचा. एकदाच मला म्हणाले होते, "शेवटच्या दिशी सकाळचो राउंड करतलंय आणि मगे तुमचो तो नारळ घेतलंय. राउंड सुटलो काय माझा काय उरला नाय, मॅडम." चौकीत मी मॅडम असायचे, रस्त्यावर नुसती 'बाय'.

सहकाऱ्याच्या मुलीच्या लग्नात आम्ही सगळे पंगतीला बसलो. मामा बसलेच नाहीत, भात वाढून होईपर्यंत पानामागे उभे राहिले, मग वाढप्याच्या हातातली वरणाची बादली काढून घेतली. चार पंगती वाढल्या. मुलीचा बाप हात जोडतोय, "मामा, तुम्ही पाहुणे आहात हो!" तर म्हणाले, "पावण्याक काम नको काय?" शेवटी जेवले ते मंडपाच्या खांबाला टेकून.

आणि कान! चावीचं एक टोक व्हॉल्व्हवर टेकवायचं, दुसरं कानाला, डोळे मिटून ऐकायचं. पाणी वरच्या चाळीपर्यंत पोचलं की नाही, मध्ये कुठे गळतंय का, सगळं सांगायचे. तेवढं एक मिनिट हा माणूस हलायचा नाही. मी ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मलाच कसंसं झालं, की बाई, यांना स्थिर राहता येतं तर!

आता माझं सांगते, थोडक्यात. एकेचाळिसाव्या वर्षी माझी साखर काठावर आली. डॉक्टर म्हणाले चाला, पळा, काहीतरी करा. मी रिपोर्ट टेबलावर टाकला आणि त्याच्यावर वड्याची प्लेट ठेवली. मामांनी प्लेट उचलली, कागद वाचला, माझ्याकडे पाहिलं.

"उद्या साडेपाचाक पायथ्याक ये. बूट घाल. चपला घालून इलंस तर परत धाडतलंय."

"मामा, मला जमणार नाही हां. माझे गुडघे..."

"गुडघो बोलूक लागलो काय चाकार बसूचा. चाक बोलूक लागला काय धावचा. दोघांका एकदम बोलूक देवचा नाय."

मी गेले. का गेले देव जाणे. बहुतेक नवरा हसला म्हणून गेले. मामांनी सायकलच्या दांडीला ट्यूबच्या पट्टीने बांधलेली चावी सोडवली, पायथ्याचा व्हॉल्व्ह उघडला, चावी खांद्यावर घेतली आणि सायकल माझ्या हातात दिली. मी रस्त्याने वळसा घालून असल्फ्याला जायचं, ते टेकडीवरून येणार. तिथे सायकल त्यांना द्यायची आणि मी पायऱ्या चढून, टेकडी ओलांडून, पळत घरी. सायकल जुनी काळी, गिअर नाही काही नाही, ब्रेक लावला की गाढव ओरडायचं. पहिल्या दिवशी मी असल्फ्याला पोचले तेव्हा मामा तिथे येरझाऱ्या घालत होते. उतरले तर पाय माझे राहिलेच नव्हते. पळायला गेले ती झोकांड्या खात.

"सायकलीवरसून उतरल्यावर पयली दोनशे पावला तुझी नसतत," मामा म्हणाले. "ती मोजूची नाय. बारीक बारीक टाक. मगे पाय घराक येतत."

आयुष्यात कोणी मला इतकं खरं सांगितलेलं नाही. दोनशे पावलांनंतर पाय खरंच आले. फुप्फुसं मात्र गेली. पहिला महिना मी त्या टेकडीला, त्या पायऱ्यांना आणि मामांच्या सात पिढ्यांना शिव्या घालत चढले. वरच्या चाळीतल्या बायका हंडे लावून बसलेल्या असायच्या, त्यांची रोज करमणूक. "आली बघा, इंजिन आलं," म्हणायच्या.

पूर्वी मीही ठरवून पळायला लागले होते, दोन वेळा. दोन्ही वेळा पंधरा दिवसांत नडगी धरली आणि बंद. या वेळी ती धरली नाही. मामांचं म्हणणं, नुसतं धावलं की हाडं मार खातात. मधे चाक आलं की पाय काम करतात आणि हाडं सुट्टीवर जातात. "धावण्यान दम येता, सायकलीन मांडी येता. एकच केलंस तर एकच येतला." हायवेवर रविवारी ते घट्ट रंगीत कपडे घातलेले सायकलवाले जातात ना, त्यांना मामा नावं ठेवत नसत, फक्त बघत राहायचे. एकजण सिग्नलला थांबून मनगटावरचं घड्याळ दाबत होता. मामांनी विचारलं, "दमलास काय?" तो घड्याळ बघून म्हणाला, "अजून नाही." मामा पुढे गेल्यावर मला म्हणाले, "तेका घड्याळ सांगता दमलो काय नाय ता. बरा आसा." आणि एवढे हसले की सायकल थांबवावी लागली.

सात-आठ महिन्यांत माझी साखर खाली आली. चार जिने न थांबता चढायला लागले. राग मात्र होता तेवढाच राहिला. मामांना मी पेढे दिले तर म्हणाले, "ह्या खावन परत चढवतलंस काय?" आणि चारही खाल्ले, उभ्यानेच.

मग तो दिवस आला. मला तो सांगायचाच नाहीये, पण तो सांगितल्याशिवाय मामा पुरे होत नाहीत.

घरात सकाळी सकाळी भांडण झालं होतं, कारण आठवत नाही एवढं फालतू. मी उशिरा पोचले, डोकं तापलेलं. मामा पायथ्याचं पाणी सोडून झाकण लावून बसले होते. हो, बसले होते, कट्ट्यावर, पँट वर करून डाव्या गुडघ्याला पट्टी गुंडाळत. मी पाहिलं, पण पाहून न पाहिल्यासारखं केलं. सायकल ओढली, टांग मारली आणि सुटले. मागून मामा ओरडत होते. ते रोजच ओरडायचे, दाब, दाब, मान वर कर. मी मागे न बघता हात हलवला आणि आणखी जोरात दाबली. राग पायात उतरला की सायकल काय पळते! असल्फ्याला आले, सायकल भिंतीला टेकवली, आणि दांडीवर चावी. पट्टी बांधायला हात मोकळे हवेत म्हणून मामांनी ती परत तिथे अडकवली असणार.

म्हणजे वर टेकडीवर मामा बिनचावीचे. फोन त्यांच्याकडे असायचा, पण राउंडला घेऊन जायचे नाहीत. परत वळसा घालून जावं तर ते इकडे यायला निघाले असतील, चुकामूक व्हायची. चावी उचलून वर जावं म्हटलं तर ती मला दहा पायऱ्यासुद्धा पेलली नाही. मी तिथेच उभी, नुसती इकडून तिकडे फिरतेय. मामा आले वीस मिनिटांनी. चेहरा घामाने निथळलेला. चावी खांद्यावर घेतली आणि आल्या वाटेने परत टेकडी चढायला लागले. वर पोचून व्हॉल्व्ह उघडले तोवर पाण्याची वेळ सरली होती, दाब उतरला होता. त्या दिवशी अख्ख्या टेकडीला पाणी मिळालं नाही. साडेनऊला वरच्या बायका रिकामे हंडे घेऊन चौकीवर, आणि बरोबरच होतं त्यांचं. मला इंजिन म्हणणारी बाईसुद्धा त्यात होती. मला काही माहीत असेल असं तिला वाटलंच नाही.

आमचे अभियंता बोरसे साहेब. तरुण, सभ्य, आवाज न चढवणारे. त्यांनी मामांना मेमो काढला. तो टाइप कोणी केला? मीच. 'कर्तव्यात हलगर्जीपणा', 'पुन्हा अशी चूक झाल्यास लाइनवरून काढून चौकीत बसवण्यात येईल', सगळं माझ्या बोटांनी. मामांनी खाली खुलासा लिहिला, 'चावी विसरलो.' सही केली आणि गेले. माझं नाव कुठेच नाही. मी तो कागद फायलीला लावला आणि दुपारचा डबाही खाल्ला. माझी मला लाज वाटते हे सांगताना.

तीन दिवस मी पायथ्याला गेले नाही. चौथ्या दिवशी साहेबांच्या टेबलासमोर उभी राहिले आणि घडाघडा सांगितलं. चूक माझी, चावी मी नेली, मेमो मला द्या. मनात आलं होतं की सुटले, मामाही सुटले.

साहेबांनी शांतपणे ऐकलं. मग विचारलं, "पण मॅडम, सायकल तुमच्याकडे कशी?"

मी सांगायला लागले. मामा टेकडीवरून जातात, मी सायकल वळसा घालून पलीकडे पोचवते, म्हणजे मग त्यांना परत... आणि तिथे माझी जीभ अडली. परत टेकडी ओलांडून सायकलपाशी यावं लागत नाही. वर्षभर रोज करत होते, आणि हे मला आत्ता, बोलताना कळत होतं. गुडघ्याची ती पट्टी काल-परवाची नव्हती.

"म्हणजे त्यांना एकट्याने राउंड होत नाही," साहेब म्हणाले. रागाने नाही. उलट फार हळू. "बरं केलंत सांगितलंत. या वयात त्यांना कशाला छळायचं? बसवू या चौकीत."

मी मामांना गाठलं ते गेटवर. ऐकून ते पहिल्यांदा माझ्यावर ओरडले. "कित्याक सांगलंस? मी लिवन दिलंय मां, चावी विसारलंय म्हणान? संपला होता!"

मलाही राग आला. अपराधी वाटलं की मला रागच येतो. "म्हणजे माझी साखर, ती दोनशे पावलं, ते सगळं नाटक? तुम्हाला सायकल पोचवायला माणूस पाहिजे होता!"

ते थांबले. "तुझी साखर उतरली मां? माझी सायकल पोचली मां? मगे?"

 

मामा साहेबांकडे गेले. "माका एक डाव एकट्याक करून दाखवूक देवा." साहेब नाही म्हणाले नाहीत. दोन दिवसांनी पहाटे मी आणि साहेब असल्फ्याच्या बाजूला पायऱ्यांखाली उभे. मला वाटत होतं देवा, पाऊस पडू दे, पाइप फुटू दे, काहीही होऊ दे. वरच्या गल्लीत नळाखाली हंडे वाजायला लागले, म्हणजे वरचं पाणी सुटलं होतं, आणि वेळेच्या आधी सुटलं होतं. मी साहेबांकडे बघितलं. साहेब घड्याळाकडे बघत होते, चेहरा बरा दिसत होता.

मग मामा पायऱ्यांवर दिसले. ते पाठमोरे उतरत होते. तोंड टेकडीकडे, एक हात कठड्याला, खांद्यावर चावी, आणि पाय मागे टाकत, चाचपत, एकेक पायरी. गुडघा वाकत नव्हता म्हणून. लहान मूल जिना उतरतं ना, तसे. तीस वर्षं पळत उतरलेला माणूस. खाली आले, वळले, आम्हाला बघून हसले, व्हॉल्व्ह उघडला. मग परत चढून गेले, सायकल आणली, शेवटच्या व्हॉल्व्हलाही वेळेत पोचले. चार मिनिटं शिल्लक.

साहेब गाडीत बसताना मला म्हणाले, "वेळेत केलं, मान्य. पण पडले तर त्या पायऱ्यांवरून? मला झोप लागेल का?" ते चुकीचं बोलत असते तर मी भांडले तरी असते.

मामांना खुर्ची मिळाली. माझ्या शेजारची. तक्रारींचा फोन घ्यायचा. फोन वाजायच्या आधीच हात पुढे, आणि मधल्या वेळात टाच जमिनीवर नुसती उडत राहायची, माझं टेबल हलायचं. मी चिडले नाही. एकदाही नाही. कोणी फोनवर पाणी नाही म्हणून सांगितलं की मामा विचारायचे, "नळाक कान लावा. काय ऐकूक येता?" लोक फोन आपटायचे. आम्ही एकमेकांशी बोलत होतो, चहा, डबा, आज ऊन फार, असं. त्या दिवसाबद्दल नाही. माफ करा म्हणायला तोंड उघडावं आणि 'स्टेपलर द्या' म्हणावं, असं चार महिने चाललं. पाचव्या महिन्यात त्यांनी स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज दिला. मुलीकडे देवगडला जातो म्हणाले. तोही मीच टाइप केला.

जायच्या आदल्या संध्याकाळी मला म्हणाले, "उद्या साडेपाचाक ये. एक फेरी मारुया."

मी गेले. रात्रभर एकच वाक्य घोळवत होते, की मामा, माझं चुकलं, आधी चावी नेली तेव्हा आणि नंतर तोंड उघडलं तेव्हाही. पायथ्याशी मामा सायकल धरून उभे, खांद्यावर एक पिशवी. माझ्या तोंडाकडे बघून त्यांना कळलंच असणार, कारण मला बोलूच दिलं नाही. "आज तू वरसून जा. मी चाकार बसतंय. सायकल पलीकडे ठेवतंय." आणि टांग मारून गेलेसुद्धा.

म्हटलं ठीक आहे, पलीकडे चहा घेऊ, तेव्हा बोलेन. चढले. त्या दिवशी जशी चढले तशी कधीच चढले नव्हते, एका दमात, वाक्य दातांत धरून. माथ्यावर पोचले आणि असल्फ्याची बाजू दिसली. खाली भिंतीला सायकल टेकवलेली होती. मामा तिथे नव्हते. नजर पुढे नेली तर ते बसस्टॉपच्या वाटेवर, बरेच लांब, डावा पाय ओढत, पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेत चालले होते. चालत. मी त्यांना रस्त्याने चालताना कधी पाहिलंच नव्हतं. हाक मारली. एवढ्या लांब पोचणं शक्य नव्हतं. मग पायऱ्या उतरत सुटले, दोन-दोन करून, पण तोवर बस आली होती आणि ते आत चढत होते, दांडा धरून, हळू.

सायकलची सीट खाली केलेली होती. वर्षभर मी त्यांच्या उंचीच्या सीटवर अंगठे टेकत ती चालवली होती. आता बसून पाहिलं तर दोन्ही पाय जमिनीला लागले. सायकल पलीकडे ठेवतो, एवढंच ते म्हणाले होते. भेटतो म्हणाले नव्हते, ते मीच धरून चालले होते. मी थोडा वेळ तिथे रडले, जाणारे-येणारे बघत होते, बघू देत. मग ते वाक्य तसंच घेऊन सायकलवर बसले आणि चौकीकडे निघाले.